पाच व्होल्टची भीती

रागिणीनं विपुलला पहिल्यांदा स्पर्श केला, तो लाटण्यानं.

अमरावतीत शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या छोट्या चिपचा, वर्ग सुरू झाला होता. ती वलगावहून आली आणि दारातच थिजली. समोर एक मुलगा दात आवळून थरथरत होता, आणि त्याच्या बोटांत वायर! तिच्या बाबांना शेतातल्या मोटरच्या स्टार्टरनं असंच धरलं होतं. आईनं वाळक्या लाकडानं हाणून सोडवलं. तेव्हापासून रागिणी घरातलं बटण झाडूच्या दांड्यानं दाबायची आणि पर्समध्ये लाटणं ठेवायची.

तिनं हाणलं.

"अवं बाई! काहून मारून राह्यल्या?"

"तुमाले करंटनं धरलं ना!"

"वायर घुसत नोती, म्हनून जोर लावत होतो! पाच व्होल्ट हायेत फक्त."

"करंट तो करंटच."

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या विपुलनं मनगट चोळत तिला शेजारीच बसवून घेतलं. पुढचा फटका कुठून येतो ते दिसावं म्हणून, असं त्याचं म्हणणं.

रोज वर्गात प्रोग्राम ती लिहायची, वायरी तो जोडायचा. पण शेवटच्या दिवशी सर म्हणाले, जो स्वतः वायरीला हात लावून प्रयोग करेल, त्यालाच चिपचं किट घरी न्यायला मिळेल. रागिणीला ते हवंच होतं. किटनं मोटर चालवली असती, तर बाबांना रोज त्या स्टार्टरला हात लावावा लागला नसता.

प्रयोग सोपा. किटच्या वायरींना जोडलेले दोन खिळे मातीत रोवायचे. ओल जास्त, तर स्क्रीनवर आकडा मोठा.

"मी मरन," रागिणी पुटपुटली.

"थांबा. आधी मी मरून दाखवतो." विपुलनं दोन्ही खिळे मुठीत धरले. "पाहा. जित्ता हाओ."

ती स्क्रीन बघायला वाकली... आकडा चढला. मागे सरली, किंचित उतरला. पुन्हा वाकली, पुन्हा चढला.

"तुमचा हात तं घामानं ओलिताचा हाये," ती म्हणाली. "करंटले भेऊन राह्यले?"

"करंटले नाई..."

"मंग?"

आकडा असा चढला, की उत्तराची गरज उरली नाही.

"संध्याकाळच्या गाडीनं अकोल्याले चाललो मी," तो स्क्रीनकडे बघत म्हणाला. "जाऊ... का?"

रागिणीनं डोळे गच्च मिटले, देवाचं नाव घेतलं, त्याच्या मुठीतला एक खिळा काढून स्वतः धरला — आणि दुसऱ्या हातानं त्याचा हात.

"मेली का?" त्यानं विचारलं.

"पाहून राह्यली. सोडू नको."

सर मागे येऊन उभे राहिले. "आकडा छान आहे. माती कुठाय?"

कुणीच हात सोडला नाही.

सर किट तिच्या नावावर लिहून पुढे गेल्यावर ती हळूच म्हणाली, "गाडी राहू दे. उद्या वलगावले ये. स्टार्टरले किट जोडाचं हाये, अन् मी एकटी लय भेतो."

"मीबी भेतो."

"मंग जमते."