एकालाच आवतण

सांगा बरं, भरवसा कोणावर ठेवावा? ज्याला वस्तू कळते त्याच्यावर, की ज्याला ती हवी असते त्याच्यावर? घाई नाही. हिशेबाची वही बाजूला ठेवा, दिव्याची वात जरा वर करा, ऐका, मग सांगा.

तिकडे अमेरिकेत लढाई पेटली आणि आपल्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या वर्षांतली गोष्ट. शालिकराम शेट अकोल्यात कापूस घेत. शाळा पाहिलेली नव्हती, पण नाक असं की गाठीत हात खुपसून वास घेत आणि म्हणत, "राजा, वजनासाठी पानी शिंपडलं ते शिंपडलं, पन विहिरीचं तरी शिंपडाचं! नाल्याचं कावून?" विकणाराच हसत सुटे. सगळा माल बैलगाड्यांवर चालायचा, त्यामुळे बैलही त्यांना कापसाइतकाच कळे. बाजारात जोडी घ्यायची तर लोक त्यांना सोबत नेत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलाचे खांदे मळून त्याला जेवायचं आवतण देतात त्या दिवशी, ऊन उतरताना, अमरावतीकडचे नत्थुजी त्यांच्या ओट्यावर आले. काखेत फडक्यात गुंडाळलेली तसबीर. जमीन मोजायला आलेला एक साहेब त्यांच्या निंबाखाली तंबू ठोकून राहिला होता. जाताना त्यानं त्यांचा चांद्या बैल पाण्याच्या रंगांनी कागदावर उतरवला आणि काच-चौकट लावून दिला. पुढे चांद्याला एकबैली गाडीला जुंपून, तीत कापूस भरून, नत्थुजींचा एकुलता एक सूर्यभान आगगाडीच्या ठाण्याकडे निघाला. दोन पावसाळे झाले. ना तो परतला, ना गाडी.

"इकाची हाये का?" शेटनी विचारलं.

"नाही शेटजी. किंमत नोको. बैलाची पारख करून द्या."

"चित्रातल्या बैलाची? दात कसे पाहू? तोंड तं मिटून उभा हाये!"

नत्थुजी हसले नाहीत. "खांदा पाहा," एवढंच म्हणाले.

शेटनी तसबीर उजेडाकडे धरली. पांढरा, देखणा बैल, कपाळावर काळी चंद्रकोर. आणि खांदा... खांदा सोललेला होता. जू बसतं तिथं कातडं फाटून लाल मांस दिसत होतं. शेटनी धोतराच्या सोग्यानं काच पुसली. डाग गेला नाही. चौकट उलटून पाहिली. खिळे गंजून बसलेले, कुणी उघडल्याची खूण नाही. काच मात्र हाताला ऊन लागत होती, जित्या जनावराच्या पाठीसारखी. तिच्यामागून वास येत होता, चिखलाचा आणि चिघळलेल्या जखमेचा.

"साहेबानं दिली तवा खांदा साफ होता," नत्थुजी हलक्या आवाजात म्हणाले. "दर महिन्याले वाढून राहिला. बैल जुंपला जाते म्हनजे जित्ता असंल. मंग हाकनारबी असंल ना, शेटजी? घरी जमुना, माही सून, रोज कुंकू लावते. लोक म्हनते पुसा, पोराचं दिवसपानी करा. तिची सासू म्हनते, पुसनाराचा हात तोडीन. तुमी सांगा. तुमी म्हनसान तसं करतो."

शेटच्या जिभेवर खोटं आलं होतं. गोड खोटं, म्हाताऱ्याला घरापर्यंत पुरलं असतं. पण पारख मागितली होती.

"सूर्यभान बैलाले कसा होता?"

"कसा म्हनजे? आपली पासोडी फाडून जुवाखाली घाले. एकडाव खांदा लाल दिसला तं स्वतः जू धरून चालत आला. पोरं त्याले बैलाची माय म्हनत."

शेटनी तसबीर मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाले, "असा खांदा एका दिवसात होत नाही. रोज कोनी हात फिरवला असता तं झालाच नसता... ह्या बैलाले मानूस नाही, नत्थुजी."

नत्थुजींनी मान हलवली. रडले नाहीत. तसबीर पुढ्यात ओढून म्हणाले, "आज खांदेमळन हाये. थोडं लोनी-हळद भेटंल का?"

शेटच्या पत्नी माणिकबाईंनी वाटी गरम करून आणली. म्हाताऱ्यानं बोटांनी काचेवर, त्या जखमेवर, लोणी-हळद चोळली, हळू, फुंकर घालत. मग चित्रातल्या कानाशी तोंड नेलं. "चांद्या... आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

दुसऱ्या दिवशी गावचा पोळा फुटला, सजलेल्या जोड्या घरोघर गेल्या, वाजंत्री थांबली. दिवेलागणीला, शेटकडेच थांबलेल्या नत्थुजींनी ओट्यावर ताट मांडलं. पुरणपोळ्या, वर तूप. "तुमी आत बसा," ते शेटना म्हणाले. शेट दाराआड बसले.

रस्त्यावर घुंगराचा एकच नाद आला, लंगडत्या चालीचा. ओट्यापाशी थांबला. ओल्या कातड्याचा वास आत शिरला. मोठा श्वास... ताटावर खरखरीत जीभ फिरल्याचा आवाज... मग सावकाश चघळणं. शेटनी डोळे मिटून घेतले.

आणि त्याच वेळी, त्या चघळण्याच्या जोडीनं, दुसरा आवाज. पोळी मोडल्याचा. घास करून, थांबून, पुन्हा मोडल्याचा.

बैल पोळी मोडून खात नाही.

घुंगरू दूर गेलं तेव्हा शेट बाहेर आले. नत्थुजी ताटाकडे पाहत होते.

"शेटजी... मी तं एकालेच आवतन देल्लं होतं." आणि मग, फार हळू, "संगंच चालते पोरगा अजून. पन त्याचा हात खांद्याले लागत नसंल आता."

पहाटे ते गावी गेले, दिवसपाणी करायला. तसबीर शेटकडेच ठेवून गेले.

तर आता तुम्ही वहीवाले लोक. त्या दिवशी ओट्यावरून कोण कोण जेवून गेलं, त्याचा हिशेब तुम्हीच मांडा. पण खरा मांडा बुवा. बोलावलं नव्हतं म्हणून कुणाला गाळू नका.