भिंगरीच्या कानामागची घळ

“वहिनी, डेटा बंद असला तरी फोटोचा मेसेज जातो. पण त्याचं बटण वेगळं असतं. पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या, दोन्ही फोनांत आत्ताच चालू करून ठेवा, नाहीतर डोंगरात ऐन वेळी शोधत बसाल.”

नणंदेचं मोबाइलचं दुकान आहे. तिला फोन म्हटलं की स्फुरण चढतं. मी तेव्हा लेकीचा दुसरा मोजा शोधत होते. “हो गं, करते,” म्हटलं आणि विसरले. हल्ली तसले मेसेज पाठवतं कोण!

मोहीम सासूबाईंची. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यापासून त्या गिधाडांच्या मागे होत्या. या डोंगरात एकही गिधाड उरलेलं नाही, असं सगळे जाणकार धरून चालले होते. पण माथ्याजवळच्या सुळक्यावर एका जोडीनं पिल्लू काढलंय, अशी कुणकुण त्यांना लागली होती. पिल्लाचा एक स्पष्ट फोटो मिळाला की जाणकारांची तोंडं बंद! वाट दाखवायला सासरे. तरुणपणी त्यांनी हे डोंगर पायाखाली घातलेले. “डोळे बांधून नेतो,” असं ते आठवडाभर सांगत होते. शिवाय नवरा, मी आणि चार वर्षांची आमची भिंगरी. तिला घरी ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून मीही निघाले. खरं सांगायचं तर मी घरी राहिले असते, तरी खिडकीला नाक लावून बसले असते.

डोळे बांधायची गरजच पडली नाही. पहिल्याच झऱ्यावर शेवाळलेल्या दगडावरून सासऱ्यांचा पाय सटकला आणि ते दाणकन बसले.

“काही नाही! जरा मुरगळलाय.” चेहरा मात्र खडूसारखा पांढरा.

“बाबा, आपण परत फिरू,” मी म्हटलं.

“परत? हिने वर्षभर माझं डोकं खाल्लंय त्या पिल्लापायी! जा तुम्ही. मी इथे टेकून बसतो. फोन आहे माझ्याकडे, अडलात तर वाट सांगीन.”

“ऐकायचे नाहीत ते,” सासूबाई म्हणाल्या. “बसू दे. बसल्या जागी तरी हुकूम सोडतीलच.”

आम्ही निघालो. मी मागे वळून पाहिलं, तर त्यांनी हात हलवला. पण पाय नाही हलवला. ते माझ्या मनाला टोचलं, तरी मी चालत राहिले.

पुढचा चढ सुंदर होता, हे कबूल करायलाच हवं. दोन्ही बाजूंना करड्या पात्यांचं गवत, त्यातून वाऱ्याची सळसळ, आणि खाली दरीत झऱ्याचा बारीक होत गेलेला आवाज. भिंगरी बापाच्या पाठीवरून प्रत्येक दगडाला टाटा करत होती, आणि बाप त्या प्रत्येक टाटाचा व्हिडिओ काढत होता.

मग त्याला शॉर्टकट दिसला. नवऱ्यांना शॉर्टकट दिसतात, हा त्यांचा जन्मजात आजार आहे.

घसाऱ्याची उतरण होती ती. सुटे दगड, भुसभुशीत माती. आम्ही कसेबसे पार झालो, पलीकडच्या कट्ट्यावर पोचलो, आणि मागून घर्रर्र आवाज झाला. अख्खी उतरण आमच्या डोळ्यांदेखत दरीत वाहून गेली! परतीची वाट खलास! समोर खाली उतरणाऱ्या दोन घळी होत्या, जुळ्या बहिणींसारख्या. आणि पश्चिमेकडून राखाडी ढग सरकत येत होता. तो इथे टेकला, तर स्वतःचा हातही दिसणार नव्हता.

नवऱ्याचा फोन टाटाच्या व्हिडिओंनी केव्हाच मेला होता. माझ्या फोनला रेंज नव्हती. सासूबाईंच्या फोनला दोन काड्या होत्या, पण बॅटरी आठ टक्के. सासऱ्यांना फोन लागला.

“समोर काय आहे?”

“दोन घळी, बाबा. मध्ये एक खडक,” नवरा म्हणाला.

“कसा आहे खडक?”

“दगडासारखा!”

“गाढवा, बसलेल्या म्हशीसारखा की उभ्या?”

“बसलेल्या.”

“म्हैस कसली?” सासूबाईंनी फोन ओढला. “अहो, सोफ्यासारखा आहे चक्क.”

“मला हत्ती दिसतोय!” भिंगरी ओरडली.

“एका घळीच्या खाली सरळ कडा आहे,” सासरे म्हणाले. “चुकलात तर संपलं. फोटो पाठवा मला. तुमच्या प्राणिसंग्रहालयावर माझा भरवसा नाही.”

“डेटा चालू करते,” मी म्हटलं.

“खबरदार!” सासूबाई. “महिनाभराची तुंबलेली अपडेट्स तुटून पडतील आणि फोन जागेवर आचके देईल.”

त्यांचं बरोबरच होतं. त्यांनी घाईघाईत फोटो काढला, मी तो साध्या मेसेजला जोडून पाठवला. लाल अक्षरं आली, ‘पाठवता आला नाही.’ पुन्हा पाठवला. पुन्हा लाल! तेव्हा कुठे मला नणंद आठवली, मोज्यासकट. मेसेज उघडला. कोपऱ्यातली तीन टिंबं. सेटिंग. सिमचं नाव. सगळ्यात तळाला एक ओळ होती, ‘मोबाइल डेटा बंद असताना चित्र-संदेश पाठवा व मिळवा.’ शेजारी राखाडी बटण. मी ते सरकवलं. निळं झालं. फोटो गेला!

आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. तेवढ्यात सासऱ्यांचा फोन आला.

“काही आलेलं नाही. नुसतं ‘डाउनलोड करा’ लिहिलंय. दाबलं की म्हणतो, झालं नाही.”

अरे देवा! त्यांच्या फोनातही ते बटण बंद, आणि डेटाही बंद. तो जन्मापासून बंदच असतो.

“अहो, तुमची बॅटरी भरलेली आहे ना? मग चालू करा तो डेटा!” सासूबाई खेकसल्या.

त्यांनी चालू केला. फोनमधून टिंग ऐकू आलं. मग टिंगटिंग. मग नुसता टिंगाट, आणि फोन कट.

आम्ही वाट पाहत उभे. ढगाने पलीकडचा डोंगर गिळला. भिंगरीला शू लागली. नवरा म्हणाला, “जरा उजवीकडून उतरून बघू का?” मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

फोन वाजला. “अख्ख्या जगाने मला सुप्रभाताची गुलाबं पाठवलीत! फोन थिजला. बंद करून चालू केला. डेटा पुन्हा बंद करून टाकला. आता तू सांग, कुठे काय दाबू?”

“मेसेजमध्ये जा. वर कोपऱ्यात तीन टिंबं दिसतात का?”

“टिंबं? कसली टिंबं?”

“उभी, एकाखाली एक.”

“इथे तर तीन रेघा आहेत.”

“तो डावा कोपरा, बाबा! उजवा!”

“मग आधी तसं सांगावं.”

हा माणूस आम्हाला डोंगर समजावत होता, मी त्याला फोन समजावत होते, आणि दोघांनाही दुसरा मठ्ठ वाटत होता! पण बोलता बोलता माझ्या कानांनी काहीतरी टिपलं. ‘सेटिंग’ म्हणताना ते मध्येच थांबले. दोन शब्दांच्या मध्ये श्वास लागत होता. बसलेल्या माणसाला धाप कशी लागते?

“बाबा, पाय कसा आहे?”

“पायाचं राहू दे. पुढे काय दाबू?”

“तळाची ओळ. बटण निळं करा. मग मेसेजवर जाऊन पुन्हा डाउनलोड.”

आमची बॅटरी तीन टक्के.

“आला!” आणि लगेच, “अगं, हे काय? घळी कुठे आहेत? इथे तर सगळीकडे भिंगरीचे दात!”

सासूबाईंनी नातीला मध्यभागी घेऊन फोटो काढला होता! नवऱ्याने कपाळावर हात मारला. माझ्याने ओरडवतही नव्हतं.

“थांबा,” पलीकडून आवाज आला. अगदी हळू. “तिच्या डाव्या कानामागे... काळी रेघ दिसतेय. पाण्याची. तीच कड्याची घळ. तिकडे पाय ठेवू नका. दुसरीने...”

फोन विझला.

नवऱ्याने भिंगरीला पाठीशी घट्ट बांधलं. तेवढ्यात ढगाला भोक पडलं आणि वर सुळका उजळला. सासूबाईंनी दुर्बीण लावली.

“आहे! पिल्लू आहे गं! मान वर काढलीये! माझ्या पिशवीत कॅमेरा आहे. थोडं वर चढलं की... अर्धा तास फक्त.”

“आई,” मी म्हटलं, “बाबांचा आवाज ऐकलात ना तुम्ही?”

त्यांनी एकदा सुळक्याकडे पाहिलं. मग दुर्बीण गळ्यातून काढून पिशवीत कोंबली. “चल. पिल्लाला आईबाप आहेत.”

आम्ही दुसऱ्या घळीत शिरलो. पाय रोव. हात टेक. सरक! वरून दगड सुटला. “डोकं खाली!” तो माझ्या खांद्याला चाटून गेला. सासूबाई घसरल्या, मी त्यांचा दंड धरला, आम्ही दोघी बसल्या बसल्या घरंगळलो आणि झुडपात अडकलो. ढगाने वरची वाट पुसून टाकली. पुन्हा उठलो. उतरलो. आणि एकदाचा झऱ्याचा आवाज आला!

सासरे तिथेच होते. अगदी तसेच, त्याच खडकाला टेकून. ओठ निळसर, अंग गार. बूट सुजलेल्या पायात रुतून बसलेला. पाण्याची बाटली गडगडत जाऊन पलीकडे पडलेली, भरलेलीच. त्यांचा हात तिथवर पोचत नव्हता. ते दिवसभर तिच्याकडे बघत बसले होते, आणि आम्हाला वाट सांगत होते.

“अहो, सांगायचं नाही का!” सासूबाईंनी बाटली उचलून त्यांच्या ओठांना लावली.

“तुम्ही वर अडकलेले. त्यात माझं कुठे...” ते भिंगरीकडे पाहून हसले. “दात छान आलेत फोटोत.”

नवऱ्याने भिंगरीला माझ्याकडे दिलं आणि त्यांना पाठीवर घेऊन खाली आणलं. डॉक्टर म्हणाले, हाड दोन ठिकाणी मोडलंय, आणखी थोडा उशीर झाला असता तर पाय वाचवणं अवघड होतं. आता ते घरभर कुबडी आपटत हुकूम सोडतात. पिल्लाचा फोटो कुणाकडेच नाही. जाणकारांची तोंडं अजून चालूच आहेत. चालू देत.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. स्वतः जागेवर बसून सगळ्यांना फोनवरून वाट सांगणारं, आणि विचारलं की ‘माझं राहू दे’ म्हणणारं. त्यांना आज फोन लावू नका. उठा, आणि जाऊन या. त्यांची पाण्याची बाटली हाताशी आहे का, तेवढं स्वतःच्या डोळ्यांनी बघा.