दुसऱ्या खुर्चीतला बगळ्या

पोरांनो, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी थापा मारतो हे तुमच्या आयांनाही ठाऊक आहे. पण ही गोष्ट माझ्या साडूची, आणि थाप मारायची अक्कल त्याला देवाने दिलेलीच नाही.

साडू हिवताप खात्यात, डास पकडून मोजायच्या नोकरीत. पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची, उघडे पाय पुढे करून रात्रभर खुर्चीत बसायचं. डास पायावर टेकला, की चावायच्या आत काचेच्या नळीने तोंडाने ओढून बाटलीत कोंडायचा. कुणाकडे डास जास्त येतात, कुणाकडे कमी. म्हणून नियम असा, की माणसं दोन हवीत आणि दर तासाला खुर्च्या बदलायच्या. साडूचा जोडीदार बगळ्या. माणूस कमी, पाय जास्त.

गेल्या सप्टेंबरातला दुसरा मंगळवार. जागा गोठ्यामागची. संध्याकाळी बगळ्याला ताप भरला. साडू फोनवर म्हणाला, "झोप गुपचूप. तुझी खुर्ची मांडतो, कागदावर नाव टाकतो. साहेबाला काय कळतंय!"

"साहेबाला नाही, पण डासांना कळेल ना!"

दोघंही हसले.

बारा वाजले तरी साडूच्या पायावर एक डास नाही. सव्वाबाराला गुणगुण ऐकू आली. त्याने टॉर्च मारला.

रिकाम्या खुर्चीपुढे डास बसले होते. हवेत. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत... दोन लांबलचक पाय, नुसत्या डासांचे. त्यांची पोटं फुगत होती. लाल.

फोन वाजला. बगळ्याची बायको.

"भावजी, हे कसंतरीच करतायत हो. मच्छरदाणीत आहेत, तरी म्हणतात, पायावरचे काढा. काही नाहीये हो पायावर! पांढरे पडत चाललेत..."

"डॉक्टर, वहिनी?"

"निघालेत म्हणे."

साडूने हात मारला. हात आरपार गेला. डास हलले नाहीत. खुर्ची फेकली. पाय तिथेच. कागदावरचं नाव खोडलं. कागद फाडला.

मग नळी. एक ओढला. दुसरा. तिसरा.

"भावजी, जरा बरं वाटतंय म्हणतात... नाही. नाही हो, पुन्हा..."

एक काढला की दोन बसत. बाटली भरली. दुसरी भरली. त्याला धाप लागली.

"वहिनी?"

...

"वहिनी, बोला काहीतरी."

...

शेवटी त्याने स्वतःचे पाय तिथे घातले. "मला चावा रे. मला."

एकही फिरकला नाही.

चार वाजता सगळे एकदम उडाले. जड झालेले.

बगळ्या वाचला. डॉक्टरांनी रक्त चढवलं. आधीचं गेलं कुठे, ते त्यांनाही सांगता येईना. आता पुन्हा दोघं शेजारी बसतात. साडूचे पाय डासांनी काळे होतात. बगळ्याच्या पायावर अजून एकही टेकलेला नाही. डासाला अंधारातही जिवंत माणूस बरोबर कळतो, असं साडू एकदा बोलून गेला.

बगळ्या मात्र रोज पाय पुढे करतो. मध्येच विचारतो, "बघ ना रे... बसलाय का एखादा?"

साडू टॉर्च लावत नाही.