सात फांद्यांचं दगडी झाड

"एकता, ऊठ तिथून! आधी ऊठ!" प्रबोध ओरडला.

"का? मुंग्या आहेत?"

"मुंग्या नाहीत गं, लाह! फांद्या मोज!"

जूनची सुट्टी. बुकित तिमाहच्या त्यांच्या काँडोत, म्हणजे राहत्या इमारतींच्या संकुलात, नवी बाग झाली होती. बागेत भिंतीला लागून एक दगडी ओंडका आडवा ठेवला होता. बसायला म्हणे! एकताचे बाबा काँडो कमिटीचे अध्यक्ष. आज चार वाजता ओंडक्याला भोक पाडून त्यात दिवा बसवायचा होता.

एकताने मोजलं. तोडलेल्या फांद्यांचे सहा खुंट, आणि सातवा अंगठ्याएवढा.

दोघांची तोंडं उतरली. तिसऱ्या मजल्यावरच्या डिक्रूझ आंटी आठवडाभर याच झाडासाठी रडत होत्या. त्यांचे आजोबा लाकडाच्या वखारीत होते. कामगारांची बंधुसंस्था होती. दर महिन्याला वर्गणी भरायची. सभासद वारला की घरच्यांना विम्याची रक्कम आणि थडग्यावर दगडी झाड. जितकी मुलं तितक्या फांद्या! आजोबांच्या झाडाला सात. त्यांची धाकटी मुलगी तान्हेपणीच गेली, म्हणून तिची फांदी इवलीशी. तिची दुसरी कसलीही खूण उरली नव्हती. रस्त्यासाठी दफनभूमी हलवताना, आंटींनी रीतसर अर्ज देऊनही, झाड गायब झालं होतं.

"आणि आपण त्यावर बसून चिप्स खातोय!" एकता संतापली. ती धावतच बाबांकडे गेली. "बाबा, हे कुणाचं तरी थडगं आहे!"

"काहीतरीच! पावतीवर स्पष्ट लिहिलंय, गार्डन लॉग. बागेतला ओंडका!"

"मागची बाजू बघितलीत?"

"भिंतीला लागून आहे, कशी बघणार? जा, खेळा!"

खेळा म्हणे! कंत्राटदाराने ड्रिलची वायर सोडलीसुद्धा.

"मोठ्यांना पुरावा लागतो ना? देऊ!" एकता म्हणाली. भिंतीच्या फटीतल्या फोटोत नुसता काळोख येत होता. मग तिने कागद आत सरकवला, दगडावर दाबून धरला आणि ती वरून खडू घासायला लागली.

ड्रिल घरघरलं. प्रबोध वायरीसमोर उभा राहिला. "थांबा! आज शनिवार. दुपारी एकनंतर ड्रिल बंद! लिफ्टमध्ये नोटीस आहे. काका, खाली सही तुमचीच आहे!"

बाबांनी कंत्राटदाराला थांबायची खूण केली. कंत्राटदाराने निमूटपणे वायर गुंडाळली.

"आलं! आलं!" एकताने कागद बाहेर ओढला. खडूच्या रेघांतून अक्षरं उमटली होती: जोसेफ डिक्रूझ.

बाबा मटकन खाली बसले. ओंडक्यावर नाही, गवतावर.

प्रबोधने वर पळत जाऊन सांगितलं, तशा आंटी धापा टाकत आल्या. त्यांनी त्या इवल्या खुंटावर बोट ठेवलं. "ही रोझा."

"आंटी, मला माफ करा. मी पावती पाहिली, दगड पाहिलाच नाही," बाबा म्हणाले. "आमच्या सात जणांच्या कमिटीला जे दिसलं नाही, ते या दोघांनी शोधलं. शाबास रे पोरांनो!"

"शाबासकी नंतर द्या, बाबा. आधी झाड परत!" एकताचा राग अजून धुमसत होता.

पुढच्या शनिवारी, सकाळीच, हलवलेल्या दफनभूमीत आजोबांच्या थडग्यावर झाड उभं राहिलं. गवंड्यांबरोबर बाबांनीही खांदा लावला.

आंटींनी दोघांना जवळ घेतलं. "माझ्यानंतर रोझाला ओळखणारं कुणीच नव्हतं. आता तुम्ही दोघं आहात."

"तिघं, आंटी," प्रबोध म्हणाला. "काकांनाही धरा. आम्ही त्यांना विसरू देणार नाही!"