उत्तरेच्या काचा

पालीजवळच्या जुन्या बिस्किट कारखान्याच्या दालनात ठेवलेली त्याचीच पुठ्ठ्याची प्रतिकृती काल कुणीतरी ठेचली होती. संशय माळी आश्रुबावर होता. संध्याकाळपर्यंत खरं कळलं नाही, तर मालक त्याला बागेतल्या खोलीतून काढणार होते.

"आश्रुबा असं करणार नाहीत," दिपाली म्हणाली. कारखान्याच्या दुरुस्तीचं काम या तरुण वास्तुविशारद बाईला मिळालं होतं. खासगी तपासनीस वनमाला सानप यांना तिनंच बोलावलं होतं.

कमळाचं तळं आणि बदामांची रांग ओलांडून तिघं दालनात शिरले. जानेवारीची दुपार होती. वनमालाबाईंचा मदतनीस त्रिंबक फरशीकडे बघत राहिला.

"बाई, उजेड लई, पण उन्हाचा ठिपका न्हाई कुठं!"

"छताला करवतीसारखे दाते आहेत, काचा सगळ्या उत्तरेला," दिपाली खुलून म्हणाली. "बायका इथं शेंगदाणे निवडायच्या. डोळ्यांवर ऊन नको, म्हणून साठेक वर्षांपूर्वी हे केलं."

दालनाचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोनच. एक आश्रुबाकडे, दुसरी दिपालीच्या घरी खुंटीवर.

आश्रुबाच्या हाताला गाळ लागलेला होता. "मी कावून मोडू, बाई? ताईनं त्यात माझी बदामाची झाडंसुदिक लावली हुती. काल दिसभर तळ्यातच हुतो."

दिपालीचा नवरा रविराजही वास्तुविशारद. तो बीडचं कार्यालय सांभाळत असे. वनमालाबाईंना तो बाहेर बदामांखाली भेटला.

"काल दुपारी दिपालीला शोधत आलो, दार उघडंच होतं. हा आश्रुबा प्रतिकृतीच्या टेबलाशी. छतातून उन्हाची तिरीप त्याच्या खुरप्यावर पडली, लख्ख चमकलं. मी दारातूनच परतलो."

"हटकलं नाहीत?"

"वाटलं, झाडलोट करतोय."

"दिपालीताईंचं नाव झालं म्हणे."

"झालं की. हल्ली लोक मला दिपालीचे मिस्टर म्हणतात." तो हसला, ओठांनीच.

वनमालाबाईंनी सगळ्यांना दालनात उभं केलं. मालकही आले.

"रविराज, ती तिरीप दाखवा."

तो फरशीवर ऊन शोधू लागला.

"म्हणजे आश्रुबाला पाहिलं ही थाप," त्रिंबक म्हणाला. "पण मोडलं कुणी?"

"कुलूप किल्लीनं उघडलं. एक किल्ली आश्रुबाची, दुसरी यांच्या घरातली. आश्रुबानं मोडलं असतं, तर यांना खोटं रचावं लागलं नसतं. हे आले ते रात्री, अंधारात. दिवसाचा इथला उजेड यांनी कधी पाहिलाच नाही; म्हणून ऊन मनानं घातलं."

"कारखान्याच्या नव्या पाटीवर तिचं एकटीचं नाव लागणार होतं," रविराज पुटपुटला.

"चार महिने रोज जेवताना मी तुला या छताबद्दलच सांगत होते, रवी," दिपाली म्हणाली.

रविराजनं पहिल्यांदाच मान वर करून काचांकडे पाहिलं.