तिसरा मल्लिकार्जुन

ज्याची निधनवार्ता मी काल पान सातवर लावली, तो आज दुपारी पाऊण वाजता माझ्या टेबलासमोर उभा राहिला. शर्ट घामानं भिजलेला, हातात आमचं नांदेडचं दैनिक.

"लोह्यापर्यंत बसमध्ये उभाच होतो, मालविका. मेलेल्याला कोण सीट देतंय?"

मला हसू आलं नाही. सकाळी आठपासून लातूरचे फोन सुरू होते, तेव्हाच चूक कळली होती.

"आमच्यात पणजोबांचं नाव तिघांना हाय. गेले ते थोरले, ब्याऐंशीचे. मी तिसरा."

"वार्ताहरानं एकच ओळ पाठवली – मल्लिकार्जुन खानापुरे, लातूर, लिंगैक्य. वय नव्हतं."

"मग विचारायचं की!"

विचारायला फोन उचलला होता. पलीकडून कुणी ‘हो’ म्हणालं तर – म्हणून ठेवून दिला.

"मी समोर बसून चहा पितोय, तरी आई रडतीच हाय. रविवारी पोरगी बघायला जायचं होतं. आज तिचा बाप हार घेऊन दारात!"

"जाणार आहेस... रविवारी?"

त्यानं पेपरातल्या स्वतःच्या फोटोवर बोट ठेवलं. "हा आमच्या घरात कुणाकडंच न्हाई. तुला कुठून मिळाला?"

संपादकांनाही तेच उत्तर हवं होतं – लेखी खुलासा, एक वाजेपर्यंत. फोटोही वार्ताहरानंच पाठवला असं लिहिलं असतं तर माझी नोकरी वाचली असती. त्याची गेली असती.

सात वर्षांपूर्वी मी मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेच्या तयारीला लातूरला गेले होते; तो तिथलाच, त्यालाही डॉक्टर व्हायचं होतं. अभ्यासिकेत शेजारी बसायचो. डॉक्टर कुणीच झालं नाही. निकाल लागला तसा तो घरच्या डाळमिलवर गेला, मी नांदेडला परतले. बोलायचं ते राहिलं.

"लिही की. मला बी वाचायचंय."

मी लिहिलं : ‘सदर छायाचित्र सात वर्षांपासून माझ्याजवळ आहे. नाव वाचल्यावर चौकशी करण्याचं धैर्य झालं नाही. चूक सर्वस्वी माझी.’

त्यानं कागद वाचला. पुन्हा वाचला. एक वाजायला चार मिनिटं होती.

"ह्यात अजून एक चूक हाय."

"कोणती?"

छापलेल्या फोटोत त्याच्या खांद्याशी ओढणीचा कोपरा उरला होता. त्यानं तो दाखवला. "फोटो अर्धाच छापलाय. राहिलेला अर्धा कुठाय?"

मी मोबाइल उघडून त्याच्यापुढे सरकवला. अभ्यासिकेची गच्ची, तो – आणि शेजारी मी.

त्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. मग खुर्ची ओढून बसला.

"जा, कागद देऊन ये," तो म्हणाला. "मी हाय इथंच."