थांबांक

करंजखोलचा भोंगा तीन वर्षांपूर्वीच काढून टाकला होता. क्लोरीनच्या कारखान्यात काही गळलंच, तर घरोघरच्या फोनवर दोनपैकी एक शब्द उमटायचा : 'निघा' किंवा 'थांबा'.

या यंत्रणेचं नाव पवनवेध. भोंगा सगळ्यांना एकदम पळवतो, आणि गावाबाहेर पडायला खाडीवरचा एकच पूल. तो तुंबला की माणसं रस्त्यातच वायूत सापडणार. म्हणून कुणी पळायचं आणि कुणी दाराच्या फटींना ओले टॉवेल लावून घरात बसायचं, हे पवनवेध हिशेब करून ठरवायचं. दर महिन्याला सराव व्हायचा. सर्वांत शिस्तीत वागणाऱ्या आळीला पितळी ढाल. ती लागोपाठ तीन वर्षं मिठागर आळीकडेच होती.

निशिगंधा भोईर याच आळीतली. बीएस्सी झालेली, तीन वर्षांच्या मिठूची आई. मूल झाल्यापासून तिला वारा बघायची सवयच लागली होती. दोरीवरचे फ्रॉक कुठल्या बाजूला उडतात, त्यावरून. मार्चच्या सरावाला फ्रॉक कारखान्याकडून घराकडे ताठ उडत होते आणि फोन म्हणाला, 'थांबा'. टेकडीवरच्या ऑफिसर कॉलनीतल्या गाड्या मात्र पुलाकडे निघाल्या होत्या. एप्रिलमध्ये तेच. मेमध्येही तेच.

ती थेट नियंत्रण कक्षात गेली. पवनवेधचं सूत्र बसवणारे डॉ. सबनीस तिथे भेटले.

"सर, क्लोरीन हवेपेक्षा जड. जमिनीलगत सरकत येतो. टेकडीवर चढणार कशाला? मग 'निघा' त्यांना आणि 'थांबा' आम्हाला, असं का?"

"वाचून आलात वाटतं," सबनीस हसले.

"माझी मुलगी तीन फुटांची आहे. वाचावंच लागतं."

सबनीसांनी खुर्ची पुढे ओढली. "वारा हा एक भाग झाला. दुसरा थांबांक. 'थांबा' सांगितल्यावर शंभरातले किती जण खरंच थांबतात, तो आकडा. टेकडीचा एकतीस. त्यांना काहीही सांगा, ते गाड्या काढणारच. मग त्यांच्यासाठी पूल मोकळा ठेवावा लागतो, नाहीतर सगळेच अडकतात. तुमच्या आळीचा अठ्ठ्याण्णव! गावात पहिला."

"म्हणजे आम्ही ऐकतो म्हणून आम्हाला मागे ठेवता."

"तुम्ही ऐकता म्हणून गाव वाचतं, ताई. सगळेच निघाले तर नऊशे माणसं जातील. या पद्धतीत फक्त एकसष्ट."

"त्या एकसष्टात मिठागर आळीतले किती?"

सबनीसांनी चष्मा काढून पुसला. "बहुतेक सगळे."

"आणि आम्ही ऐकणं सोडलं तर?"

"सूत्र दुसरी ऐकणारी आळी शोधेल. बहुधा बालवाडीची."

"टाकीत क्लोरीन किती असतो?" निशिगंधाने विचारलं.

"नव्वद टन."

"तो कमी केला तर?"

"तो आकडा कंपनी देते. सूत्रात तो स्थिर धरलाय. बदलतं ते फक्त माणसांचं वागणं."

"अस्सं," निशिगंधा उठली. "मग वागणंच बदलून बघू."

ती एका आळीत थांबली नाही. गावातल्या सातही आळ्यांत, मिठूला कडेवर घेऊन, दारोदार फिरली. शेजारच्या नलूमावशी ऐकून तडकल्याच. "म्हणजे ही ढाल आपण मुकाट मरू म्हणून दिली होय? आणि मी येडी दर शनिवारी तिला चिंचेनं घासतेय!"

बालवाडीच्या बाईंनी मात्र नेमकं विचारलं, "आणि खरीच गळती झाली तर? पुलावर चेंगरू ना सगळे."

"चेंगरू," निशिगंधा म्हणाली. "पण कुणी मरायचं, ते आपल्याला न विचारता आधीच ठरलेलं नसेल."

दुसऱ्या दिवसापासून बाई मुलांना एक नवा खेळ शिकवू लागल्या : फोन 'थांबा' म्हणाला की चपला घालायच्या आणि पळायचं. मिठू त्यात पहिली यायची.

जुलैच्या सरावाला सकाळी अकरा वाजता फोन वाजले. पाच आळ्यांना 'थांबा' आलं. सातही आळ्या रस्त्यावर उतरल्या. नलूमावशींनी डोक्यावर ढाल धरली होती. नऊ मिनिटांत पूल तुंबला. टेकडीवरच्या गाड्या हॉर्न वाजवत अडकून पडल्या.

निशिगंधा घरी पोचते तोच सबनीसांचा फोन.

"काय करून बसलात! एकाही आळीचा थांबांक वीसच्या वर नाही. आज खरी गळती असती तर नऊशे बारा!"

"त्यात टेकडी आली?"

"सगळेच आलेत."

"मग आता टाकीचा आकडा बदलून बघा."

"मला परवानगी नाही."

"बघायला परवानगी कशाला हवी, सर?"

पलीकडे बटणं वाजली.

"पाच टन धरले," सबनीस हळू आवाजात म्हणाले. "शून्य."

"कुणीच थांबलं नाही तरी?"

"कुणीच थांबलं नाही तरी. मी अहवाल पाठवतो. पण छोट्या टाक्या बसवायला चौदा महिने तरी जातील. तोवर हात जोडतो, लोकांना घरात बसवा. तोवर आकडा नऊशेचाच आहे."

"आम्ही बसलो की तुमची टाकी पुन्हा स्थिर होईल, सर. तोवर दर महिन्याला निघू."

तिने फोन ठेवला आणि वळून पाहिलं. फाटक उघडं होतं. मिठू रस्त्याच्या कडेला पोचली होती, आणि वळणावरून टँकर येत होता.

"मिठू, थांब!"

मिठूने मागे पाहिलं, खुदकन हसली आणि शिकवल्याप्रमाणे पळत सुटली.

टँकरचे ब्रेक करकचले. निशिगंधाच्या मुठीत फ्रॉकचा घोळ आला. मुलीला कवटाळून ती तिथेच मातीत बसली.

"थांब म्हटलं की पळायचं ना, आई?"

निशिगंधाने दोरीकडे पाहिलं. फ्रॉक कारखान्याकडून घराकडे ताठ उडत होते.

"हो," ती म्हणाली, आणि मिठूच्या चपलेचा सुटलेला पट्टा घट्ट लावू लागली.